सेकंदाला दहा लाख पानं आणि वाटेतला टोलनाका

व्हीएमच्या काळ्या पडद्यावर एफआयओ ही तपासणी चालवली, की शेवटी एक ओळ उमटते : ‘रीड: आयऑप्स=१००२के, बीडब्ल्यू=३९१४एमआयबी’. बस्स, एवढंच. सरावलेला माणूस मान डोलावतो आणि चहाला उठतो. अहो, उठताय कुठे? त्या ‘के’कडे बघा जरा! आयऑप्स म्हणजे सेकंदाला पुऱ्या केलेल्या मागण्या, आणि के म्हणजे हजार. एक हजार दोन वेळा हजार. एका सेकंदात दहा लाख दोन हजार वेळा कुणीतरी डिस्कला म्हणालं, ‘अमुक जागचं काढून दे’, आणि तितक्याच वेळा तिनं ते काढून दिलं. त्यातही गंमत अशी, की मागणारं यंत्र खरं नव्हतंच. ते दुसऱ्या यंत्राच्या पोटातलं सोंग होतं.

हा आकडा असा डोळ्यांत मावायचा नाही. मोजायला काहीतरी हातात धरू. डिस्ककडून एका वेळी साधारण चार केबीचा तुकडा मागतात, म्हणजे ४०९६ बाइट. संगणकाच्या युनिकोड साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे एका तुकड्यात १३६५ चिन्हं, दोनेकशे शब्द. हाताने लिहिलेलं एक पान म्हणा ना! ते ए-४ कागदावर लिहिलं, तर कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर. आता डिस्कने दिलेलं प्रत्येक पान रुळांवर एकापुढे एक अंथरत चला.

आधी जुनी, फिरणारी हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या, सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी जवळजवळ १२९ किलोमीटरने पळत असते. वंदे भारत अनेक मार्गांवर १३०ने धावते, तोच वेग, आणि तोही एका बंद डब्यात जागच्या जागी! पण इतकं धावूनही हाती काय लागतं? वाचणारा काटा योग्य वर्तुळावर न्यायला आठेक मिलिसेकंद, मग हवी ती जागा काट्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे आणखी चार. बारा मिलिसेकंदांत एक पान. सेकंदाला ऐंशीच्या आसपास. ऐंशी पानं अंथरली की झाले पावणेचोवीस मीटर. रेल्वेचा एक डबा.

आता एनव्हीएमई एसएसडी. लांबी आठ सेंटिमीटर, रुंदी सव्वादोन, वजन दहा ग्रॅमच्या आतबाहेर. सेकंदाला दहा लाख पानं. अंथरा! २९७ किलोमीटर. मुंबईहून पुणे, आणि पुण्याहून परत मुंबईच्या वेशीवर. एका सेकंदात. पुढच्या सेकंदात पुन्हा. त्याच्या पुढच्या सेकंदात पुन्हा. एकीकडे डबा, दुसरीकडे मुंबई-पुणे-मुंबई, आणि दोघींच्या वेष्टनावर शब्द एकच : डिस्क.

पैशात हवंय? एका पानाला एक रुपया मजुरी धरा. हार्ड डिस्क सेकंदाला ऐंशी रुपये कमावते. वाईट नाही. काडीएवढी एसएसडी सेकंदाला दहा लाख कमावते, दिवसाला ८६४० कोटी. महाराष्ट्राचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सात लाख कोटींच्या घरातला. ही काडी तो ८१ दिवसांत उभा करील, आणि वर्षातले उरलेले दिवस शेजारच्या राज्यांना हातभार लावील.

आता ते सोंग. व्हीएम म्हणजे सॉफ्टवेअरने रचलेला संगणक. त्याला वाटतं आपल्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे, डिस्क आहे. प्रत्यक्षात त्याची डिस्क ही बहुतेक वेळा होस्टवरची, म्हणजे त्याला पोटात घेणाऱ्या खऱ्या यंत्रावरची, एक फाइल असते. हे खूळ क्लाउडच्या जमान्यातलं नव्हे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या केंद्रात १९६७ साली सीपी-४० नावाची प्रणाली चालू झाली. तिच्यात एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदत. त्याआधी अकराच वर्षं, १९५६ साली, त्याच आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली होती. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि साठवण किती? पन्नास लाख अक्षरं. आजची एसएसडी सलग वाचायला बसली, तर ते सगळं एका मिलिसेकंदाच्या आत संपवते. ही तुलना दुष्टपणाची आहे हे कबूल, पण करायला मजा येते.

व्हीएमची अडचण अशी, की तिचा हात खऱ्या डिस्कपर्यंत पोचू द्यायचा नसतो. नाहीतर ती शेजारणीचा डेटा पुसून टाकील. म्हणून मध्ये हायपरवायझर बसतो. व्हीएमने डिस्कच्या दिशेने बोट हलवलं, की प्रोसेसर तिला जागीच गोठवतो, ताबा हायपरवायझरकडे देतो, तो चौकशी करतो आणि मग तिला पुन्हा जागं करतो. या गोठवण्याला म्हणतात व्हीएम एक्झिट. द्रुतगती मार्गावर खालापूरला गाडी थांबते ना, अगदी तसा टोलनाका. एका थांब्याला लागतात साधारण दीड हजार सायकल, म्हणजे अर्धा मायक्रोसेकंद. सेकंदाचा वीस लाखावा भाग! कोण कुरकुर करणार?

थांबा, घड्याळ बदलून बघू. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं एक सायकल म्हणजे नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात प्रकाशसुद्धा दहा सेंटिमीटरच जातो. त्या एका सायकलला आपण एक सेकंद म्हणू. आता बघा. प्रोसेसरच्या अगदी कुशीतल्या कॅशमधून काही आणायला लागतात चार-पाच सेकंद. मेमरीतून आणायला पाच मिनिटं. टोलनाक्यावर पंचवीस मिनिटं. एनव्हीएमई एसएसडीतून एक पान आणायला सुमारे साडेतीन दिवस. आणि हार्ड डिस्कमधून? एक वर्ष एक्कावन्न दिवस! एका पानासाठी! ‘आत्ता आणतो’ म्हणून प्रोसेसरचा निरोप गेला, मध्ये एक गणपती येऊन गेला, एक दिवाळी होऊन गेली, आणि मग पान आलं.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. जुन्या पद्धतीत व्हीएमला आयडीई डिस्कचं सोंग दाखवत. त्या सोंगात एक पान मागायचं, तर रजिस्टरांत एकेक आकडा भरावा लागे. किती तुकडे, पत्त्याचे तीन भाग, कुठली डिस्क, आणि शेवटी हुकूम. भरलेला प्रत्येक आकडा म्हणजे एक नाका. मग काम सुरू करण्याचा नाका, झालं का हे विचारण्याचा नाका. एका पानाला आठ धरा. आठ वेळा पंचवीस मिनिटं म्हणजे तीन तास वीस मिनिटं. पुण्याहून मुंबई गाठायला डेक्कन क्वीनला जवळपास एवढाच वेळ लागतो.

आता हेच तीन तास वीस मिनिटं निरनिराळ्या प्रवासांवर लावा. हार्ड डिस्कचा प्रवास एक वर्ष एक्कावन्न दिवसांचा, म्हणजे जवळपास दहा हजार तास. त्यात टोल किती? शंभर रुपयांत तीन पैसे. कुणाच्या लक्षातही यायचं नाही, आणि आलं नाही. एसएसडीचा प्रवास त्र्याऐंशी तास वीस मिनिटांचा. टोल? शंभरात चार रुपये. आता खिशाला कळतं. इंटेलची ऑप्टेन होती, दहा मायक्रोसेकंदांत पान देणारी. आपल्या घड्याळात आठ तास वीस मिनिटं. टोल? शंभरात चाळीस रुपये! नाका तोच, दर तोच, रांगही तीच. रस्ता आखूड झाला आणि प्रवासाच्या वेळेच्या दोन-पंचमांश इतका वेळ वर नाक्यावर जायला लागला. बरं, हा नुसता गाडी थांबवण्याचा आणि सोडण्याचा खर्च. खिडकीतला माणूस पावती फाडायला होस्टच्या दुसऱ्या एखाद्या प्रोसेसकडे गेला, तर त्याचा वेळ वेगळा.

गर्दीत हेच गणित आणखी भीषण होतं. सेकंदाला दहा लाख पानं, प्रत्येकी आठ नाके, म्हणजे सेकंदाला ऐंशी लाख थांबे. प्रत्येकी अर्धा मायक्रोसेकंद. गुणाकार करा : चार सेकंद. एका सेकंदात चार सेकंदांचा टोल! चार कोअर नुसते नाक्यावर उभे राहण्यासाठी राखून ठेवायचे, आणि अजून कुणी काम केलेलंच नाही.

यावरचा तोडगा ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेलने २००८च्या सुमारास नीट मांडला. त्याचं नाव व्हर्टिओ. खऱ्या डिस्कचं सोंगच नको, असं त्याचं म्हणणं. व्हीएमला सरळ सांगायचं, ‘बाई, तू व्हीएम आहेस, मला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक असू दे.’ दोघांच्या सामाईक मेमरीत एक गोल यादी ठेवायची. व्हीएमने मागण्या लिहीत जायचं आणि बऱ्याच साठल्या की एकदाच हाक मारायची. चौसष्ट गाड्यांचा ताफा, नाक्यावर थांबा एक. दहा लाख भागिले चौसष्ट, म्हणजे १५,६२५ थांबे. टोलचा वेळ? चार सेकंदांवरून आठ मिलिसेकंदांवर! पाचशे बारा पट कमी. आणि यंत्रात एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत आवडणारी करामत हीच. लोकांनी वेगवान डिस्कवर पैसे ओतले, आणि खरी बाजी मारली एका प्रामाणिक यादीने.

यादीवरून रांग आठवली. एसएसडीला एक पान द्यायला शंभर मायक्रोसेकंद लागत असतील, तर एकामागून एक मागून सेकंदाला दहा हजारच मिळणार. मग दहा लाख कशी? एका वेळी शंभर मागण्या वाटेत हव्यात. जुनी आयडीई डिस्क एका वेळी एकच मागणी ऐके. साटाची एएचसीआय पद्धत आली, तिनं एका रांगेत बत्तीस उभ्या केल्या. लोक खूश. मग २०११मध्ये एनव्हीएमईचा आराखडा आला. त्यात रांगा किती? ६५,५३५. एकेका रांगेत मागण्या किती? ६५,५३६. अबब! गुणाकार ४२९ कोटींच्या वर जातो. भारताच्या लोकसंख्येच्या जवळजवळ तिप्पट मागण्या एकाच डिस्कसमोर रांगेत उभ्या राहू शकतात, असं कुणीतरी शांतपणे कागदावर लिहून ठेवलं. प्रत्यक्षातल्या डिस्क इतक्या रांगा देत नाहीत. पण लिहिणाऱ्याची छाती बघा!

आता एका होस्टवर अनेक व्हीएम नांदू लागल्या की काय होतं ते पाहू. हार्ड डिस्कला ओळीने वाचायला सांगितलं, तर ती गरीब बिचारी मुळीच नाही. सेकंदाला दोनशे एमबी, म्हणजे आपली साडेचौदा किलोमीटर पानं. सीएसएमटीहून निघून जवळजवळ कुर्ला. पण तीस व्हीएम आपापल्या फायली ओळीने वाचत असल्या, तरी खालच्या डिस्कला दिसतं काय? हिची एक ओळ, तिची एक ओळ, तिसरीची भलतीच. सगळ्या सरळ रेघा मिक्सरमधून निघतात. काटा इकडून तिकडे धावत सुटतो आणि कुर्ल्यापर्यंतची पानं पुन्हा एका डब्यावर येतात. सहाशे पट घसरण! चूक कुणाचीच नाही, प्रत्येक जण शिस्तीतच वाचतोय.

समजा, हिंजवडीतल्या एखाद्या कचेरीत पाचशे जणांचे डेस्कटॉप व्हीएमवर आहेत. सोमवारी सकाळी नऊ वाजता सगळे एकदम लॉगिन करतात. प्रत्येक डेस्कटॉप जागा व्हायला वीस हजार पानं वाचतो असं धरा. पाचशे गुणिले वीस हजार, म्हणजे एक कोटी. एका हार्ड डिस्कवर हे टाकलं, तर सगळ्यांचे पडदे उजळायला मंगळवारी संध्याकाळचे पावणेआठ वाजतील. दोन दिवसांची हजेरी लागली, काम शून्य! चोवीस डिस्क एकत्र जोडल्या तरी साडेदहा होतीलच. एका एसएसडीवर? दहा सेकंद. खुर्ची पुढे ओढून बसेपर्यंत झालं. मूळ प्रत एकच ठेवून ती मेमरीत धरली की हा आकडा आणखी उतरतो, पण दहा सेकंदांवर कोण भांडतोय?

मेमरीचं नाव निघालं म्हणून एक सावधगिरीची गोष्ट. कधी कधी व्हीएमच्या आत तपासणी सांगते, फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर सेकंदाला तीन जीबी लिहिले! खरं असेल, तर ती तबकडी नेहमीच्या पंधरा पट फिरायला हवी. तिच्या कडेचा वेग ताशी १९३५ किलोमीटर, म्हणजे आवाजाच्या दीडपट. सर्व्हरमधून लढाऊ विमानासारखा स्फोटाचा आवाज यायला हवा. तो येत नाही, कारण लिहिलेलं डिस्कवर गेलेलंच नसतं, होस्टच्या मेमरीत बसलेलं असतं. वीज गेली की ते तीन जीबीही जातात. असे आकडे मित्रांना दाखवायला छान. डेटाबेस त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

क्लाउडमध्ये तर वेगही मापून मिळतो. अॅमेझॉनच्या ईबीएस डिस्कचा जीपी-२ हा प्रकार घ्या. दर जीबीला सेकंदाला तीन आयऑप्स कायमचे, आणि शिवाय साठवणीत चौपन्न लाख क्रेडिट. गरज पडली की सेकंदाला तीन हजारांपर्यंत उपसा. एक क्रेडिट म्हणजे एक लिटर पाणी धरलं, तर आठ मीटर रुंदीच्या आणि बारा मीटर पाण्याच्या काठोकाठ भरलेल्या नऊ विहिरी! उपसा किती? दहा हजार लिटरचा टँकर सव्वातीन सेकंदांत भरेल इतका. १०० जीबीच्या डिस्कला झरे मात्र सेकंदाला तीनशेचेच. दहा वाजता पंप लावला, तर दहा वाजून तेहतीस मिनिटं वीस सेकंदांनी नऊच्या नऊ विहिरी कोरड्या ठाक. त्याच क्षणी वेग तीन हजारांवरून तीनशेवर. वापरणारा ओरडतो, ‘आत्ता तर नीट चालत होतं!’ बरोबर आहे, आत्ता तर विहिरीत पाणी होतं. आणि हातही न लावता त्या पुन्हा भरायला लागतात पाच तास. डिसेंबर २०२०मध्ये जीपी-३ आला. तो सुरुवातीपासून सरसकट तीन हजार देतो, मग कुठे पाण्याकडे डोळे लावून बसणं थांबलं.

मुंबई-पुणे आपण मघापासून मापाला वापरतोय. आता ते खरंच मध्ये येतं. अॅमेझॉनच्या क्लाउडचा विभाग मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टच्या अझूरचा पुण्यात. समजा, एखाद्या बँकेने ठरवलं, की मुंबईच्या व्हीएमने लिहिलेलं प्रत्येक पान पुण्यातही लिहिलं जावं, आणि तिकडून ‘पोचलं’ म्हणून निरोप आल्याशिवाय पुढचं लिहू नये. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. दीडशे किलोमीटर जायला पाऊण मिलिसेकंद, यायला पाऊण. एकूण दीड. आपल्या घड्याळात बावन्न दिवस! एकामागून एक लिहिलं, तर सेकंदाला ६६६ पानं. अंथरली तर दोनशे मीटर, बारा डब्यांची लोकलसुद्धा झाकली जाणार नाही. जी डिस्क एका सेकंदात मुंबई-पुणे-मुंबई पानांनी मढवते, तिला खरोखर पुण्याला विचारून यायला लावलं की ती लोकलच्या लांबीवर येते. कारण डिस्क मंद नाही, व्हीएम मंद नाही. प्रकाशच पुरत नाही! इथे नवी एसएसडी घेऊन काडीचाही फरक पडत नाही, तरी लोक घेतात.

आणि आता शेवटची झेप. २०१९मध्ये इंटेलच्या एसपीडीके प्रकल्पाने एका थ्रेडवरून सेकंदाला एक कोटीहून अधिक आयऑप्स काढून दाखवले. त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, बाजूला सारलं आणि ‘झालं की हाक मार’ हेही सोडून दिलं. एक कोअर अखंड डिस्ककडे टक लावून बसतो : झालं? झालं? झालं? एका पानाच्या वाट्याला शंभर नॅनोसेकंदही येत नाहीत. तेवढ्यात पोकळीत सुटलेला प्रकाशसुद्धा तीस मीटरच जातो. डब्याच्या एका टोकाला टॉर्च लावलात, तर उजेड पुढच्या डब्याच्या पहिल्या खिडक्यांशी पोचेपर्यंत एक पान मागून, घेऊन, बाजूला ठेवून झालेलं! आपल्या घड्याळात पाच मिनिटांचं काम. नाका पंचवीस मिनिटांचा. एका थांब्यात पाच पानांचा बळी. म्हणून क्लाउडवाल्यांनी नाकाच उचलायला घेतला. अॅमेझॉनची २०१७मध्ये आलेली नायट्रो पद्धत डिस्कचं सगळं काम वेगळ्या कार्डावर टाकते, आणि व्हीएम जवळपास थेट त्याच्याशीच बोलते.

आता त्या एकट्या कोअरला चोवीस तास चालू द्या. सेकंदाला एक कोटी, दिवसाला ८६,४०० कोटी पानं. जगाची लोकसंख्या ढोबळमानाने ८०० कोटी धरा आणि वाटायला घ्या. माणशी किती? एकशे आठ! जगातल्या प्रत्येक माणसाला एका दिवसात एकेक अख्खी जपमाळ, आणि ओढणारा हात एका कोअरचा. आता गंमत म्हणून, प्रत्येक पानाला आठ नव्हे, एकच टोलनाका लावा. शंभर नॅनोसेकंदांचं काम सहाशेचं होतं, आणि माळेतले नव्वद मणी गळून हातात अठराच उरतात.